एका लशीची चोपन्न वर्षे

१२ जानेवारी २०२१ च्या पहाटे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या फाटकातून कोविड लशीचे पहिले ट्रक बाहेर पडले, तेव्हा त्यांची रीतसर पूजा झाली होती, नारळ फुटला होता आणि आपण सर्वांनी ते दृश्य दूरचित्रवाणीवर पुन:पुन्हा पाहिले होते. त्यानंतर तीन वर्षांनी, मे २०२४ मध्ये, त्याच संस्थेतून आणखी एका लशीची खेप निघाली. त्रेचाळीस हजारांवर मात्रा मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या राजधानीत, बांगी येथे, विमानातून उतरल्या. ही बातमी मला तरी आतल्या पानावर सापडली. लस मलेरियाची होती, म्हणजे आपल्या सरकारी मराठीतल्या हिवतापाची. 'आर-२१' असे तिचे कोरडे नाव. ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी ती घडवली आणि पुण्याने ती स्वस्तात व मोठ्या प्रमाणावर तयार करून दाखवली. वर्षाला दहा कोटी मात्रा काढण्याची क्षमता सीरमने उभी केली आहे. आपल्याला याचा अभिमान वाटावा हे योग्यच. पण या लशीची मूळ कल्पना ऑक्सफर्डची नाही आणि पुण्याचीही नाही. ती एका बाईंची आहे. त्यांचे नाव आपल्याकडे जवळजवळ कोणाला ठाऊक नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेने मलेरियाच्या पहिल्या लशीची शिफारस केली तो दिवस पाहायला त्या हयात नव्हत्या.

मी बँकेत होतो. विज्ञानाशी माझा संबंध मॅट्रिकनंतर सुटला तो सुटलाच. तरीही रूथ नुसेनझ्वाइग यांच्या कारकिर्दीकडे मी ओढला गेलो, कारण मला त्यात एक अजब खाते दिसले. ठेव १९६७ साली ठेवलेली, आणि पहिले व्याज हाती आले २०२१ साली.

रूथ यांचा जन्म १९२८ साली व्हिएन्नातल्या एका ज्यू कुटुंबात झाला. आई आणि वडील दोघेही डॉक्टर. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि पुढच्या वर्षी हे कुटुंब जीव वाचवून ब्राझीलला पोचले. नवी भाषा शिकत मुलगी मोठी झाली आणि साओ पावलो विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकू लागली. तिथे तिला व्हिक्टर नुसेनझ्वाइग हा वर्गबंधू भेटला. गृहस्थ त्या काळी डाव्या राजकारणात आकंठ बुडालेले. त्यांना सभा-मोर्चांतून प्रयोगशाळेत आणले ते रूथने. विद्यार्थिदशेतच दोघांनी चागास या रोगावर काम केले. हा रोग ढेकणाच्या जातीच्या एका किड्यामुळे होतो, पण रुग्णाचे रक्त दुसऱ्याला दिले तर रक्तातूनही जातो. जेन्शन व्हायोलेट, म्हणजे आपल्या लहानपणी घसा आला की आई बोळ्याने लावायची तेच जांभळे औषध, रक्ताच्या बाटलीत घातले तर त्यातला परजीवी मरतो हे त्यांनी दाखवून दिले. दक्षिण अमेरिकेतल्या रक्तपेढ्यांना याचा उपयोग झाला. पदवी नुकती हाती पडत असतानाचे हे काम आहे!

पुढे पॅरिस, मग न्यूयॉर्क. परत ब्राझीललाच जायचे असा बेत होता. पण १९६४ साली तिथे लष्कराने सत्ता बळकावली आणि विद्यापीठातल्या ओळखीच्या माणसांच्या चौकशा सुरू झाल्या, नोकऱ्या जाऊ लागल्या. आयुष्यात दुसऱ्यांदा रूथपुढचा घराकडचा रस्ता बंद झाला. न्यूयॉर्क विद्यापीठात त्यांनी बस्तान ठोकले ते कायमचे. व्हिक्टर तिथे प्रतिकारशक्तीच्या वेगळ्याच प्रश्नांवर काम करीत होते. आपल्याकडे अशा जोडप्याची कथा सांगताना नवऱ्याचे नाव आपोआप आधी येते, म्हणून मुद्दाम सांगतो. मलेरियात आधी शिरल्या त्या रूथ. व्हिक्टर मागून आले.

आता थोडे त्या डासाविषयी. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला, हे आपण शाळेत शिकलो. हुसेन खान नावाच्या रुग्णाला एका डासामागे एक आणा देऊन त्याने चावे घेववले होते, हे मात्र पाठ्यपुस्तकात नसते. (संशोधनाचा खर्च इतका स्वच्छ मांडलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.) डासाची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेतून परजीवीची धाग्यासारखी बारीक पिल्ले आपल्या अंगात उतरतात. त्यांना स्पोरोझॉइट म्हणतात. संख्येने ती फार नसतात, काही डझनच. थोड्याच वेळात ती यकृतात शिरून दडी मारतात. आठवडाभर माणसाला काही कळत नाही. त्या काळात एकेका स्पोरोझॉइटची हजारो होतात, ती रक्तात सुटतात, तांबड्या पेशी फोडू लागतात आणि मग ती ओळखीची हुडहुडी भरते.

म्हणजे चोर दारातून आत येतो तेव्हा एकटादुकटा असतो, घरात शिरला की त्याची फौज होते. त्याला दारातच का पकडू नये, हा रूथ यांचा प्रश्न. त्या काळच्या बहुतेकांना तो भाबडा वाटत होता, कारण स्पोरोझॉइट अंगात इतका थोडा वेळ मोकळे असतात की शरीराला त्यांची ओळख पटेपर्यंत ते पसार झालेले असतात. तशी ही कल्पना अगदी निराधार नव्हती. १९४१ साली भारतातच मलिगन, रसेल आणि मोहन या तिघांनी मारलेले स्पोरोझॉइट टोचून कोंबड्यांत काही प्रतिकार उत्पन्न होतो असे दाखवले होते आणि आपल्या मलेरिया इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात ते छापलेही होते. पण कोंबड्यांचा मलेरिया वेगळा. तो विषय तिथेच राहिला.

रूथ यांनी उंदीर घेतले. डासांच्या लाळग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली सुईने सोडवून त्यातले स्पोरोझॉइट गोळा केले, त्यांच्यावर क्ष-किरण सोडले. किरणांनी ते मरत नाहीत, लुळे होतात. यकृतापर्यंत पोचतात, पण पुढे त्यांची वाढ होत नाही. असे लुळे स्पोरोझॉइट टोचलेल्या उंदरांना नंतर खऱ्याखुऱ्या, जोमदार परजीवींशी सामना करायला लावला तर बरेचसे उंदीर आजारी पडलेच नाहीत. जेरोम व्हँडरबर्ग आदी सहकाऱ्यांसह लिहिलेला हा निबंध १९६७ मध्ये 'नेचर'मध्ये आला. मलेरियाची लस तत्त्वतः होऊ शकते, याचा हा पहिला ठोस पुरावा.

मग जगाने काय केले? फारसे काही नाही. १९६७ साली जगाचा असा समज होता की मलेरिया संपतच आला आहे. १९५५ पासून जागतिक आरोग्य संघटनेची निर्मूलन मोहीम चालू होती, डीडीटीची फवारणी जोरात होती. जो रोग पाच-दहा वर्षांत जाणार त्याची लस कशाला? आपलीही तीच धारणा होती, आणि आकडे पाहिले तर आपल्याला दोष देता येत नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दर वर्षी साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई आणि आठ लाख माणसे दगावत, असा अंदाज होता. १९६५ साली रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास आली. इतके मोठे यश हाताशी आल्यावर सरकारे जे करतात तेच आपण केले. पैसा दुसरीकडे वळवला, देखरेख सैल सोडली. तिकडे डासांना डीडीटीची सवय झाली, परजीवीला क्लोरोक्विनची. १९७६ मध्ये रुग्ण चौसष्ट लाखांवर गेले होते.

त्या परतलेल्या मलेरियाशी माझी गाठ पडली १९८४ मध्ये. नव्यानेच झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या एका छोट्या शाखेत माझी बदली झाली. भोवती धानाची शेते आणि त्यापलीकडे जंगल. घरांच्या भिंतींवर फवारणी झाल्याची तारीख गेरूने लिहिलेली असे. कित्येक घरांवर ती दोन-दोन वर्षांपूर्वीची होती. मलेरियावाला सायकलवरून यायचा, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचा आणि क्लोरोक्विनच्या चार गोळ्या हातावर ठेवायचा. तपासणीचा निकाल येईपर्यंत माणूस बरा तरी झालेला असे किंवा बरे होण्यापलीकडे तरी गेलेला असे. मला स्वतःला तीनदा ताप आला. काउंटरवर नोटा मोजताना हात इतके थरथरत की बंडल दोनदा मोजावे लागे. पीककर्जाच्या थकबाकीची यादी पावसाळ्यानंतर फुगायची. वरिष्ठ कार्यालय त्याचे कारण विचारी. मी 'रोगराई' असे लिहिले तर ते कारण छापील तक्त्यात नाही असे उत्तर आले.

शाखेच्या शिपायाची मुलगी तीन वर्षांची होती. दिवाळीआधी तिला ताप चढला, दुसऱ्या दिवशी आकडी आली, आणि बैलगाडीतून आरोग्य केंद्रात नेईपर्यंत ती गेली. मेंदूचा मलेरिया, असे डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी तो माणूस कामावर हजर झाला. त्याला लिहिता येत नव्हते म्हणून त्याच्या रजेचा अर्ज मी लिहिला. 'कारण' या रकान्यापुढे मी बराच वेळ पेन धरून बसलो आणि शेवटी 'घरगुती' असे लिहिले. तो अंगठा उमटवून चहा आणायला गेला.

त्याच वर्षी, १९८४ च्या ऑगस्टमध्ये, अमेरिकन सरकारच्या मदतसंस्थेने वॉशिंग्टनमध्ये जाहीर केले होते की पाच वर्षांत मलेरियाची लस जगाच्या हाती येईल. मी हे वाचले पुष्कळ उशिरा, निवृत्तीनंतर. वाचल्यावर पुस्तक मिटून ठेवले.

त्या घोषणेला आधार होता तो नुसेनझ्वाइग दांपत्याच्याच कामाचा. १९६७ नंतर रूथ थांबल्या नव्हत्या. सत्तरच्या दशकात अमेरिकेत डेव्हिड क्लाइड यांनी क्ष-किरण दिलेले डास माणसांना चाववून पाहिले. स्वयंसेवक तुरुंगातले कैदी होते, ही गोष्ट आज वाचताना घशाखाली उतरत नाही. उंदरात जे दिसले ते माणसातही दिसले. पण एका माणसाला संरक्षण मिळायला हजारभर चावे लागत. रांगेत उभ्या असलेल्या बाळांना अशी लस देणार कशी? म्हणून प्रश्न असा झाला की शरीर त्या स्पोरोझॉइटमधले नेमके काय ओळखते. १९८० साली रूथ, व्हिक्टर आणि सहकाऱ्यांनी याचे उत्तर शोधले. स्पोरोझॉइटच्या अंगावर एका प्रथिनाचा अंगरखा असतो. त्याच्याविरुद्धचे प्रतिपिंड उंदराला दिले तर उंदीर वाचतो. १९८४ मध्ये माणसाला मारणाऱ्या फाल्सिपेरम जातीतल्या या प्रथिनाचे जनुक हाती आले. तोच तो चार अमिनो आम्लांचा तुकडा त्यात चाळीसेक वेळा येतो, एखाद्या पोथीतल्या पालुपदासारखा. हा तुकडा ओळखायला शरीराला शिकवले की झाले, असे तेव्हा सर्वांना वाटले.

इथे पैशाचा प्रवेश होतो आणि माझ्यासारख्याचे कान टवकारतात. न्यूयॉर्क विद्यापीठाने पेटंटचा अर्ज केला. जेनेन्टेक ही जैवतंत्रज्ञानातली नवी कंपनी लस करायला तयार होती, पण तिला एकट्यानेच ती विकण्याचा हक्क हवा होता. संशोधनाला पैसा देणाऱ्यांत जागतिक आरोग्य संघटना होती. गरिबांच्या लशीवर एकाच कंपनीची मालकी तिला मान्य होईना. १९८३ मध्ये कंपनी बाजूला झाली. यात खलनायक शोधण्याचा मोह होतो, पण मला तो सापडत नाही. कर्ज देणाऱ्याला तारण लागते. कंपनीने विचारले, ही लस घेणार कोण? आफ्रिकेतल्या खेड्यातले पाच महिन्यांचे मूल. त्याची ऐपत किती? शून्य. आणि संघटनेचे म्हणणेही चूक नव्हते. दोन्ही बाजू बरोबर असल्यावर जे होते ते झाले, फाइल पडून राहिली.

पुढचे काम १९८७ पासून बेल्जियममधल्या, आज जीएसके म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने अमेरिकन लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेबरोबर केले. लष्कराला रस का? उष्ण देशात लढायला गेलेले सैनिक गोळीपेक्षा डासाने अधिक जायबंदी होतात म्हणून. सैनिकाला ऐपत असते, निदान त्याच्या सरकारला असते. त्यांची युक्ती मोठी सुरेख होती. हिपॅटायटिस-बी या काविळीच्या लशीतला जो कण आज आपल्या प्रत्येक नवजात बाळाला टोचला जातो, त्या कणाच्या पाठीवर मलेरियाच्या प्रथिनाचा तुकडा बसवायचा आणि हे सगळे यीस्टमध्ये वाढवायचे. १९९७ मध्ये सात स्वयंसेवकांपैकी सहा जण बचावले. मग मुलांवरच्या चाचण्या, बिल गेट्स यांच्या प्रतिष्ठानचा पैसा, सात आफ्रिकी देशांत पंधरा हजारांवर बालकांची मोठी चाचणी. निकाल लागला तेव्हा अनेकांचे चेहरे पडले. चार मात्रा घेतलेल्या बालकांत चार वर्षांच्या काळात मलेरियाचे प्रमाण सुमारे छत्तीस टक्क्यांनी घटले. गोवराची लस नव्वदीच्या पुढे गुण मिळवते. ही तर पस्तीस टक्क्यांवर पास झालेली!

पण थोडे थांबून विचार करावा. करोनासारख्या विषाणूत मोजकीच जनुके, मलेरियाच्या परजीवीत पाच हजारांवर. विषाणूची फौज थोडी वाढली तरी प्रतिकारशक्ती तिला आवरते. इथे एक स्पोरोझॉइट निसटला तरी आठवड्यात हजारो होतात. आणि आफ्रिकेतल्या काही भागांत एका मुलाला वर्षातून अनेकदा मलेरिया होतो. तिथे तिसरा हिस्सा टळणे म्हणजे काय ते आकड्यात नाही, खाटेवर कळते. २०१९ पासून घाना, केनिया आणि मलावी या तीन देशांत वीस लाखांवर मुलांना ही लस देऊन पाहण्यात आली. जिथे ती दिली तिथे लसयोग्य वयाच्या मुलांचे, कोणत्याही कारणाने होणारे, मृत्यू तेरा टक्क्यांनी घटले. ६ ऑक्टोबर २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. १९६७ पासून चोपन्न वर्षे. रूथ नुसेनझ्वाइग १ एप्रिल २०१८ रोजी वारल्या होत्या.

त्यांच्या हयातीत त्यांना मान मिळाला नाही असे नाही. न्यूयॉर्क विद्यापीठात परजीवीशास्त्राच्या विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले ते २०१३ मध्ये, पंचाऐंशीव्या वर्षी. मिशेल आणि आंद्रे हे दोन मुलगे नामवंत शास्त्रज्ञ झाले. मात्र पाच वर्षांत लस येणार या घोषणेचा बोजा त्यांच्याच क्षेत्राला वाहावा लागला. वचन शास्त्रज्ञाच्या तोंडी घातले की मुदत टळल्याची नोटीसही त्यालाच जाते.

आता पुण्याकडे. आर-२१ ही त्याच कुळातली धाकटी बहीण. प्रथिन तेच, काविळीच्या कणावर बसवण्याची युक्ती तीच. फक्त मलेरियाच्या तुकड्यांची दाटी अधिक आणि सोबतचे उत्तेजक द्रव्य वेगळे. मोसमी मलेरियाच्या भागात हंगामाआधी दिली तर पहिल्या वर्षात तिने पंचाहत्तर टक्के संरक्षण दिले. २ ऑक्टोबर २०२३ रोजी तिची शिफारस झाली. जुन्या लशीची एक मात्रा नऊ युरोंच्या पुढे पडत असे, ही दोन ते चार डॉलरच्या घरात आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती वर्षभरात २.९९ डॉलरवर आणण्याचा करारही झाला. चार मात्रांचे, एका मुलाचे, हजार-अकराशे रुपये. जुन्या लशीचे उत्पादनही हैदराबादच्या भारत बायोटेककडे सोपवण्याचे ठरलेले आहे. घोड्यांच्या रक्तातून धनुर्वाताचे प्रतिविष काढायला १९६६ साली सुरू झालेल्या पुण्याच्या कारखान्याला रूथच्या उंदरांची शेवटची इयत्ता पार करावी लागली, हा योग मोठा गमतीचा आहे.

ही लस आपल्या मुलांना मात्र मिळत नाही, आणि त्यात अन्याय नाही. ती फक्त फाल्सिपेरमवर चालते. आपल्याकडे व्हायव्हॅक्सही भरपूर आहे, आणि रुग्णसंख्या इतकी खाली आली आहे की मच्छरदाण्या, तत्पर तपासणी आणि औषध यांवरच भर देणे शहाणपणाचे. २०३० पर्यंत देशातून मलेरिया घालवण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे. १९६५ चा धडा गिरवलेला असेल तर ते अशक्य नाही. महाराष्ट्रात तरी त्याची खरी परीक्षा गडचिरोलीतच होईल.

आफ्रिकेचे तसे नाही. २०२३ या एका वर्षात जगात मलेरियाने पाच लाख सत्त्याण्णव हजार माणसे गेली. शंभरातली पंचाण्णव आफ्रिकेतली, आणि त्यांतली बहुतेक पाच वर्षांखालची बालके. वीसहून अधिक देशांनी लस सुरू केली आहे. आणि नेमक्या याच वेळी पैसा आटतो आहे. गरीब देशांसाठी लशी विकत घेणाऱ्या गावी या संस्थेला पाच वर्षांसाठी जवळपास बारा अब्ज डॉलर हवे होते. जून २०२५ मध्ये ब्रुसेल्सच्या परिषदेत नऊ अब्जांच्या वर आश्वासने मिळाली. अमेरिकेने हात आखडता घेतला आणि १९८४ मध्ये ती घोषणा करणारी तिची मदतसंस्था तर २०२५ मध्येच गुंडाळली गेली. पन्नास वर्षे लस नव्हती, पैसा कधी होता कधी नव्हता. आता लस आहे, स्वस्त आहे, तिचा साठाही आहे. आपल्याकडे ६५ नंतर यश मिळाले म्हणून तिजोरी बंद झाली, यांची तर यश यायच्या आधीच होते आहे.

आणखी एक अडचण पैशाची नाही, पण बँकवाल्याला चटकन कळेल अशी आहे. पहिल्या तीन मात्रा बाळाला पाचव्या महिन्यापासून एकेका महिन्याच्या अंतराने देतात. आया त्या घेतात, कारण त्याच सुमारास गोवराची वगैरे लस असतेच. चौथी मात्रा वर्षभराने, मूल दीड-दोन वर्षांचे झाल्यावर असते. तोवर मूल चालायला लागलेले, कडेवर बसायला तयार नसलेले, पाठीवर बहुधा पुढचे भावंड, आणि केंद्र सात-आठ मैलांवर. पहिल्या वर्षानंतर लशीचा जोर ओसरू लागतो, तो टिकवायचा तर हीच मात्रा महत्त्वाची. पथदर्शी प्रकल्पात गळती झाली ती इथेच. पीककर्जाचे शेवटचे हप्ते वसूल करायला मी गडचिरोलीत घरोघर पायी हिंडलो आहे. कागद पाठवून ते येत नाहीत. कोणाला तरी त्या घरापर्यंत जावे लागते.